तुळई टेकते तिथे

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात जमीन दुर्मीळ आणि महाग आहे, छपराखालची उंची मात्र बहुतेक ठिकाणी मोकळी पडून असते. या विसंगतीतून लोखंडी माळा नावाचा बांधकामप्रकार इथे सर्वदूर रुजला आहे. भोसरीच्या एखाद्या गाळ्यात सुटे भाग ठेवण्यासाठी घातलेला अर्धा मजला, निगडी प्राधिकरणातील बंगल्यामागच्या अंगणात खांबांवर उभारलेला लाकडी फळ्यांचा सज्जा, चाकणजवळच्या कारखान्यात यंत्रांच्या वर काढलेली कार्यालयाची केबिन किंवा गच्चीवर पाण्याच्या टाकीसाठी केलेला मनोरा ही सारी एकाच कुळातील बांधकामे आहेत. अमेरिकेत घरामागच्या अशा उघड्या लाकडी सज्ज्याला ‘डेक’ म्हणतात आणि तो बांधण्याची पद्धत तिथे घरोघरी आहे. इकडे त्याचे रूप लोखंडाचे आणि बहुधा कामाच्या गरजेतून आलेले असते. या सर्वांचा सांगाडा सारखाच असतो. चालण्याची फळी किंवा चेकर प्लेट कड्यांवर बसते, कड्या म्हणजे जवळजवळ लावलेले आडवे लहान वासे, तुळईवर बसतात, आणि तुळई, म्हणजे ज्याला कारागीर गर्डर किंवा आय-बीम म्हणतात ते मुख्य आडवे अंग, आपला सारा भार खांबांवर किंवा भिंतीवर सोपवते.

अशा बांधकामाची चर्चा होते तेव्हा पहिला प्रश्न नेहमी गर्डरच्या जाडीचा असतो. ‘दीडशेचा’ पुरेल की ‘दोनशेचा’ लागेल, म्हणजे १५० मिलिमीटर उंचीचा की २०० मिलिमीटर उंचीचा, यावर घरमालक आणि फॅब्रिकेटर यांच्यात बराच वेळ जातो, परंतु तो गर्डर टोकाशी कशावर, किती लांबी टेकवून आणि कशाने बांधून ठेवला जाणार आहे, हे बहुधा कामाच्या दिवशी जागेवरच ठरते. धोक्याचे मूळ इथे आहे. पोलाद हा लवचीक धातू असल्याने भार वाढला की पोलादी तुळई आधी वाकते, फरशीला बाक येतो, दार अडकू लागते आणि माणसाला सावध होण्यास अवसर मिळतो. आधार मात्र असा अवसर सहसा देत नाही. वेल्ड तुटते, बोल्ट भिंतीतून उपसून येतो किंवा टोक बैठकीवरून घसरते, आणि हे घडण्यास एक क्षण पुरतो. म्हणून तुळईच्या सुरक्षिततेचा विचार तिच्या मध्यावरून सुरू न करता तिच्या टोकांपासून, आणि टोकांकडून खाली जमिनीपर्यंत करावा लागतो.

हे जुन्या सुतारांना पक्के ठाऊक होते. चिंचवड, चाकण, तळेगाव या गावठाणांतील वाड्यांमध्ये कडीपाटाचे, म्हणजे कड्यांवर लाकडी पाट घालून त्यावर माती पसरलेले, मजले असत, आणि या मातीमुळे त्यांचे वजन आजच्या हलक्या माळ्यापेक्षा पुष्कळ जास्त भरे. तरीही तुळई खांबाच्या कडेला ठोकलेली दिसत नाही. ती खांबाच्या माथ्यावर बसते, माथ्याशी रुंद आडवा लाकडी ठोकळा दिलेला असतो जेणेकरून तिला टेकायला अधिक लांबी मिळावी, आणि खांब स्वतः तळखड्यावर, म्हणजे जमिनीपासून वर उचललेल्या घडीव दगडावर, उभा असतो, त्यामुळे ओल लाकडात चढत नाही. भार वरून खाली सरळ दाबाने जातो. खिळा किंवा खुंटी केवळ जागा सुटू नये म्हणून असते, वजन पेलण्यासाठी नव्हे. आजच्या लोखंडी कामाला यापेक्षा चांगला नियम सापडत नाही, आणि तो या मातीतलाच आहे, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

भाराचे दोन भाग असतात. बांधकामाचे स्वतःचे वजन हा स्थिर भार, आणि माणसे, सामान, यंत्रे हा चल भार. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ या संहितेच्या दुसऱ्या भागात, जो १९८७ पासूनचा आहे, कोणत्या वापरासाठी किती चल भार धरावा हे दिले आहे. राहत्या घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, बाल्कनीसाठी ३०० किलो, हलकी यंत्रे असलेल्या कामाच्या जागेसाठी ५०० किलो, आणि साठवणुकीच्या जागेसाठी मालाच्या दर मीटर उंचीमागे २४० किलो, परंतु कोणत्याही परिस्थितीत ७५० किलोंपेक्षा कमी नाही, असे हे प्रमाण आहे. बाल्कनीचा आकडा खोलीपेक्षा मोठा का, याचे उत्तर माणसांच्या वागण्यात आहे: मिरवणूक किंवा वरात जाऊ लागली की घरातील सगळे एकाच वेळी कठड्याशी येऊन उभे राहतात.

चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा साध्या माळ्याचे उदाहरण घेतले तर क्षेत्र १२ चौरस मीटर होते. तो बसण्या-उठण्यासाठी असेल तर चल भार सुमारे २,४०० किलो, परंतु त्याच माळ्यावर माल रचायचा ठरला तर किमान ९,००० किलो धरावा लागतो. लांब बाजूंना दोन गर्डर असतील तर प्रत्येकावर ४,५०० किलो आणि गर्डरच्या प्रत्येक टोकाशी २,२५० किलो, म्हणजे सव्वादोन टन, येतात; स्वतःचे वजन त्याशिवाय. भोसरी-चाकणच्या गाळ्यांत घडते ते असे, की माळा केबिनसाठी म्हणून बांधला जातो, दोन-तीन वर्षांत केबिन खाली येते आणि वर कास्टिंगचे नमुने, तेलाची पिंपे, पोलादी सुट्या भागांच्या पेट्या चढतात. लोखंडाचा एक घनमीटर सुमारे ७,८५० किलो भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे छोटीशी दिसणारी पेटी काय करू शकते ते कळते. वापर बदलला की बांधकाम नव्याने तपासावे लागते. रंग तोच आणि जिना तोच असला तरी तो माळा आता वेगळा झालेला असतो. अंतराचाही असाच हिशेब आहे: त्याच गर्डरवर दर मीटरला तेवढाच भार असताना दोन आधारांमधील अंतर दुप्पट केले तर वाकवणारा जोर चौपट आणि बाक सोळा पट होतो, त्यामुळे अडचण होते म्हणून मधला खांब काढून टाकणे ही किरकोळ दुरुस्ती कधीच नसते.

आता त्या सव्वादोन टनांच्या टोकाकडे वळावे. गाळ्याच्या विटांच्या भिंतीत खाच पाडून गर्डरचे टोक आत सरकवणे आणि वरून सिमेंट भरून घेणे ही सर्रास आढळणारी पद्धत आहे. २०० मिलिमीटरच्या गर्डरची खालची पट्टी १०० मिलिमीटर रुंद असते. टोक १०० मिलिमीटर आत गेले असेल तर सारा भार १०० चौरस सेंटिमीटरवर येतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेबावीस किलो, आणि साध्या विटांच्या बांधकामाची सुरक्षित ताकद साधारणपणे एक आकडी किलोंतच राहते. टोकाखाली ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद असा काँक्रीटचा ठोकळा, ज्याला बेड ब्लॉक म्हणतात, घातला तर तोच भार ६०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब पावणेचार किलोंवर उतरतो. काही पाट्या काँक्रीटने एवढा फरक पडतो. हा ठोकळा नसेल तर गर्डरच्या टोकाखालची वीट हळूहळू चिरडते, भिंतीवर तिरपी भेग उमटते, आणि गिलावा करून ती बुजवली जाते, जे अत्यंत घातक आहे, कारण ती भेग हीच धोक्याची सूचना असते.

नव्या इमारतींत प्रश्न वेगळा आणि अधिक फसवा आहे. तिथे भार आरसीसीच्या चौकटीवर असतो आणि भिंत ही त्या चौकटीतील नुसती भरणी असते, बहुधा हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची, ज्यांना पुण्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हटले जाते. अशा भिंतीला कारखान्यातून आणलेला लोखंडी अँगल फास्टनरने आवळून त्यावर माळ्याची एक बाजू टेकवणे म्हणजे पडद्याला खुंटी ठोकण्यासारखे आहे. फास्टनर काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईतच गेला पाहिजे, कडेपासून पुरेसे अंतर राखून गेला पाहिजे, आतील सळ्या न तोडता गेला पाहिजे, आणि त्याची खोली मोजताना गिलाव्याची जाडी वगळली पाहिजे. अमेरिकेतील डेक कोसळण्याच्या घटनांत वारंवार आढळलेला दोषही याच जागी आहे: घराच्या भिंतीला लागून जी आडवी पट्टी बसवतात ती बोल्टऐवजी नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली असते, आणि गर्दी झाली की खिळे उपसून सगळा सज्जा भिंतीपासून सुटतो. म्हणून जाणकार अभियंते शक्य तिथे घरावर भरवसा न ठेवता सज्ज्याला चारही बाजूंनी स्वतःचे खांब देतात, आणि गाळ्यातल्या माळ्यासाठीही हाच मार्ग सर्वांत निर्धोक आहे.

खांबाशी गर्डर जोडण्याच्या दोन रीती आहेत. एकीत खांबाच्या माथ्यावर सपाट पत्रा, म्हणजे कॅप प्लेट, बसवून गर्डर त्यावर टेकवतात व बोल्टने आवळतात. दुसरीत तो खांबाच्या कडेला वेल्ड करतात किंवा बोल्टने लटकवतात. पहिल्या रीतीत बोल्ट ढिला झाला तरी गर्डर जागेवर असतो, दुसरीत सारे त्या जोडावर अवलंबून राहते. उंची कमी पडते म्हणून दुसरी रीत घ्यावीच लागली तर गर्डरखाली बैठकीचा जाड अँगल, ज्याला क्लीट म्हणतात, आधी खांबाला जोडून त्यावर गर्डर बसवावा. वेल्डिंगच्या बाबतीत एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगितली पाहिजे. काम उभे करताना भाग जागेवर धरून ठेवण्यासाठी कारागीर तुटक टाके मारतात. ते तात्पुरते असतात आणि नंतर संपूर्ण लांबीची वेल्ड भरायची असते, पण अंधार पडतो, वीज जाते, रंगारी येतो, आणि टाके रंगाखाली कायमचे झाकले जातात. रंग लावण्यापूर्वी प्रत्येक जोड डोळ्यांनी पाहणे हे काम मालकाने दुसऱ्यावर सोडू नये. भार जिथे एका जागी एकवटतो तिथे गर्डरचा पातळ उभा पडदा चुरगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या, म्हणजे स्टिफनर, लावतात, त्याही याच वेळी तपासाव्यात.

जोडातील लहानसा बदल किती महागात पडतो, याचे जगाच्या इतिहासातील एक दारुण उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलचे आहे. तिथे दिवाणखान्यावर एकाखाली एक असे दोन झुलते मार्ग पोलादी गजांनी छताला टांगलेले होते. मूळ आराखड्यात दोन्ही मार्ग एकाच अखंड गजावर होते. बांधताना सोयीसाठी गजाचे दोन तुकडे केले गेले आणि खालचा मार्ग छताऐवजी वरच्या मार्गाच्या तुळईला टांगला गेला. तुळया त्याच राहिल्या, परंतु वरच्या तुळईखालच्या नटावर येणारा भार दुप्पट झाला. १७ जुलै १९८१ रोजी ते नट तुळईतून आरपार निसटले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली.

खांबाच्या खाली काय आहे, हा पुढचा प्रश्न. पवना आणि इंद्रायणीच्या काठांवर, म्हणजे मोशी, चिखली, चऱ्होली, रावेत या बाजूंना, पुष्कळ ठिकाणी वरचा थर काळ्या मातीचा आहे, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली दख्खनचा काळा कातळ लागतो. अंगणातल्या सज्ज्याचा खांब काळ्या मातीत हातभर खड्डा करून रोवला तर तो दर पावसाळ्यात थोडा उचलला जातो आणि दर उन्हाळ्यात थोडा खचतो, चारही खांब सारखे हलत नाहीत, आणि जोड पिळले जातात. खड्डा मुरमापर्यंत न्यावा, तळाशी काँक्रीटचा पाया घालावा आणि त्यावर जमिनीच्या काही इंच वर येणारा चौथरा घेऊन मग बेस प्लेट, म्हणजे खांबाच्या पायाशी वेल्ड केलेला जाड पत्रा, अँकर बोल्टने बसवावी. हा चौथरा म्हणजे वाड्यातला तळखडाच. गाळ्यात मात्र खांब थेट जमिनीच्या कोब्यावर उभे केले जातात, ज्याची जाडी अनेकदा चार-पाच इंच आणि खाली नुसता भराव असतो. चाके फिरण्यासाठी केलेला कोबा दोन-अडीच टनांचा एकवटलेला भार पेलेलच असे नाही. सज्ज्यावर पत्र्याचे छप्पर असेल तर वाऱ्याने ते वर उचलले जाण्याचाही विचार करावा लागतो, कारण तेव्हा पाया दाबाऐवजी ओढीला तोंड देतो. वादळी वाऱ्याचा जोर या शहराने १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे पाहिला आहे, जेव्हा पावसापासून आडोसा घेतलेल्या माणसांवर लोखंडी होर्डिंग कोसळून पाच जणांचा जीव गेला.

उभा भार पेलणारा माळा आडव्या धक्क्याने पत्त्यांच्या घरासारखा एका बाजूला लवंडू शकतो, म्हणून खांबांच्या किमान दोन बाजूंना तिरप्या पट्ट्या द्याव्या लागतात. पॉवर प्रेसची थरथर, फोर्कलिफ्टचा धक्का किंवा भूकंपाचा हादरा, ज्याचा अनुभव ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात पुण्यापर्यंत आला, या तिन्हींविरुद्ध हाच उपाय आहे. थरथरीच्या जागी बोल्टला दुहेरी नट लावणे त्यासोबतच यावे.

काम चालू असतानाचा काळ सर्वांत नाजूक असतो, आणि या काळात तुळईखाली असतात ते टेकू. सेंट्रिंगच्या लोखंडी प्रॉपची किंवा लाकडी बल्लीची ताकद केवळ तिच्या जाडीवर नव्हे, तिच्या उंचीवरही ठरते: उंची दुप्पट झाली की वाकून मोडण्याविरुद्धची क्षमता एक चतुर्थांश उरते, त्यामुळे दोन बल्ल्या एकमेकींवर बांधून उंची गाठणे अतिशय धोक्याचे असून, मधोमध आडवे बांध घालणे अपरिहार्य ठरते. टेकू ओळंब्यात असावा, त्याखाली विटांचा ढिगारा नसून जाड फळी असावी, आणि लाकडी पाचरी दोन्ही बाजूंनी ठोकलेल्या असाव्यात. टेकू वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या मजल्यालाही टेकू लागतो, नाहीतर भार फक्त एक मजला खाली सरकतो.

काँक्रीटच्या कामात टेकू काढण्याच्या वेळा आयएस ४५६ या २००० सालच्या संहितेत दिल्या आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबखालचे चौदा दिवस, सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे चौदा आणि त्याहून लांब तुळईखालचे एकवीस दिवस ठेवावे लागतात. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत. राख मिसळलेले सिमेंट, जे आज बाजारात सर्रास मिळते, सावकाश ताकद धरते, म्हणून त्यासाठी मुदत वाढवावी लागते. क्रमालाही महत्त्व आहे. दोन्ही टोकांना आधार असलेल्या तुळईचे टेकू मधून टोकांकडे काढतात, तर भिंतीबाहेर झेपावणाऱ्या बाल्कनीचे बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे. बाल्कनीचे बाहेरचे टेकू मागे ठेवून भिंतीलगतचे आधी काढले तर ज्या पट्ट्यात मुख्य सळ्या वर आहेत तिथे ताण खाली येतो, आणि तिथे तो घ्यायला सळ्याच नसतात.

उभे राहिलेले बांधकाम पाण्यामुळे पोखरले जाते, तेही आधाराशीच, कारण पाणी तिथे साचते. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका इमारतीची बाल्कनी तुटून सहा तरुण दगावले. तिच्या कड्या भिंतीत शिरतात तिथे आतून कुजलेल्या होत्या आणि बाहेरून काही दिसत नव्हते. भोसरीतील इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यांत आम्लाच्या वाफा आणि धुण्याचे पाणी खांबांच्या पायथ्याशी हेच काम लोखंडावर करतात. १५ जून २०२५ च्या रविवारी मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह नदीत कोसळला, चार जण मृत्युमुखी पडले आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. दाट गर्दीत एका चौरस मीटरवर सहा-सात माणसे मावतात, म्हणजे चारशे किलोंहून अधिक भार होतो, आणि घराच्या खोलीसाठी धरलेल्या भाराच्या तो दुपटीहून जास्त आहे.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये आला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये. त्या काळातील गाळे आणि घरे आता पन्नाशीच्या आसपास आहेत. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार बंधनकारक आहे, आणि अशा इमारतीत नवा माळा घालण्यापूर्वी ती तपासणी करणे हाच योग्य क्रम होय. पालिका किंवा औद्योगिक महामंडळाची परवानगी आणि अभियंत्याचा आराखडा यांचा खर्च गर्डरच्या किमतीसमोर फार नसतो, तरी तो टाळला जातो आणि त्याची किंमत माळ्याखाली काम करणारा कामगार मोजतो, हे दुःखद आहे.

आराखड्यातून निघालेला आकडा मात्र कागदावर राहून उपयोगाचा नाही. माल चढवणाऱ्या माणसाला ‘७५० किलो प्रति चौरस मीटर’ या शब्दांचा अर्थ लागत नाही, पण एका चौरस मीटरमध्ये सिमेंटच्या पंधरा गोण्या म्हटले तर लागतो, आणि राहत्या खोलीच्या भारावर बेतलेल्या माळ्यासाठी हाच हिशेब फक्त चार गोण्यांचा होतो. गर्डरच्या पुढच्या बाजूला, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून दिसेल अशा ठिकाणी, ही संख्या ठळक पिवळ्या रंगात लिहावी, आणि दर पावसाळ्यानंतर बेस प्लेटभोवतीची घाण खरवडून तिथला गंज, ढिले नट आणि चौथऱ्याच्या कडेची भेग पाहून झाली की त्याखाली तपासणीची तारीख टाकावी.